मान खाली घालणारं फूल आणि आमचा ट्रेव्हर

...नाही नाही, मला "शांत हो, ग्लेनिस" सांगू नका! अख्ख्या गावाने सांगून झालंय, चर्चच्या पाद्रीबाबांनी सांगून झालंय, आणि हे सगळे सांगणारे कोण, तर माझ्याच स्वयंपाकघरात माझाच लिंबाचा केक हादडत उभे असलेले लोक! तुम्हाला सांगते, या ट्रेव्हरबरोबर मी जन्म काढला, त्याने माझा नवा स्वेटर गरम पाण्यात धुऊन बाहुलीचा करून ठेवला तेव्हाही मी गप्प बसले. पण या फेब्रुवारीत... थांबा, आधी त्या फुलाचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी उगीच नवऱ्याच्या नावाने खडे फोडते.

हेलेबोर. आमच्या श्रॉपशर परगण्यात हिवाळ्यात दुसरं असतंच काय हो? चिखल! वर करडं आभाळ, खाली चिखल, आणि त्या चिखलातून हे एकटं वर येतं. रात्री गोठतं, सकाळी बघावं तर जमिनीवर आडवं, वाटतं, गेलं बिचारं... आणि दुपारी जरा उन्हाची तिरीप आली की परत उभं! काय जिद्द, काय रंग! आणि एवढं सगळं करून फूल बघतंय कुठे? तर खाली! का? मातीत काय ठेवलंय? लोकांची फुलं आभाळाकडे बघतात, निदान शेजाऱ्यांकडे तरी बघतात! मी त्याची नाताळच्या आधी जुनी पानं कापायची, चीक विषारी म्हणून हातमोजे घालून कापायची, गोगलगायी वेचायच्या, कळ्या कुरतडणाऱ्या उंदरांना शिव्या घालायच्या, आणि त्याने मला पाठ दाखवायची! तोंड बघायचं असेल तर या, बसा चिखलात! मागे एकदा मी अशीच पालथी पडून बघत होते, तर फाटकातून पोस्टमन ओरडला, "मिसेस प्रिचर्ड! पडलात का? अँब्युलन्स बोलावू?" म्हटलं, "फूल बघतेय!" तर म्हणाला, "बरं बरं, हलू नका हं," आणि ट्रेव्हरला हाका मारत सुटला.

तर आमची शेजारीण पॉलिन हॅचर्ड. हिच्या बागेत सगळी महागडी, नर्सरीतून नावानिशी आणलेली झाडं. मी म्हटलं, मी घरीच बियांपासून करतेय. तर कशी बोलली? नाक वर, आवाज पातळ, "बियांपाऽसून? अगं डियर, बियांपासून चिखलाच्या रंगाची येतात. करमणूक म्हणून ठीक आहे हो." करमणूक! तिथेच ठरवलं. ब्रशने या झाडाचे पराग त्या झाडाला लावले, बी धरलं, पेरलं, आणि मग वाट बघत बसले. वर्षानुवर्षं! पोरं लवकर मोठी होतात हो, हेलेबोर होत नाही.

आणि या फेब्रुवारीत, त्यातल्या एका झाडाला एक कळी. एकच! उमलली. मी चिखलात मांडी घालून त्याची मान उचलून बघितली आणि... काळं! काळ्या द्राक्षासारखं, आणि मधोमध पिवळं लखलखीत. मी रडले. खरंच रडले, काय लपवायचं? पण ते फूल बघतंय कुठे? खाली! म्हटलं, बघ बाबा खाली, रविवारी मी पॉलिनलाच खाली वाकवते. कारण वर्षातून एकदा, त्या रविवारी, आमच्या गावच्या सगळ्या बागा लोकांसाठी उघडतात. पॉलिनला त्या झाडापाशी न्यायचं, झाडावरच दाखवायचं, आणि मग त्याच फुलाचं बी धरायचं. एवढंच मागणं होतं माझं देवाकडे.

आता आमच्याकडे एक रीत आहे. फूल खाली बघतं म्हणून त्या दिवशी प्रत्येक घरी दोन-चार फुलं देठापासून खुडून काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडतात, तोंड वर करून, चहाच्या टेबलावर. दोन-चार! जुन्या झाडांची! मी गावच्या हॉलवरून खुर्च्या आणायला निघाले आणि जाता जाता म्हटलं, "ट्रेव्हर, तेवढं वाडग्याचं बघ रे."

बघितलं त्याने! परत आले तर वाफ्यात नुसती पानं आणि बुडखे! आणि ट्रेव्हर दारात, हातात कात्री, चेहरा असा उजळलेला, "राणी, वाडगा पुरेना, म्हणून मी कपडे भिजवायचा टब घेतला!" टब भरून फुलं! आणि मधोमध, राजासारखं, माझं काळं!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकातून लोकांची रांग. आता लोकांसमोर काय बोलणार? दात दाखवत चहा ओतला. आणि लोक! "वाऽ ट्रेव्हर! काय कल्पना!" "ट्रेव्हर, तुझ्यात कला आहे रे!" ट्रेव्हरमध्ये कला! ज्याला ट्यूलिपचा कंद कुठला आणि कांदा कुठला ओळखता येत नाही!

मग आली पॉलिन. टबावर वाकली, थबकली. "हे काळं... कुठल्या नर्सरीतून आणलंस गं?" म्हटलं, "माझं आहे! बियांपासूनचं! चल, झाड दाखवते!" दंडाला धरून ओढत नेली, दाखवलं काय? एक बुडखा! "हे बघ, इथे होतं!" ती माझ्याकडे बघते, बुडख्याकडे बघते, माझा हात थोपटते, "हो का, डियर. बरं हं. तू जरा चहा घे." फुलाने मान खाली घातली ती घातली, आता मलाही घालायला लावली!

बरं, या वर्षीचं बीही गेलं. खुडल्या फुलाला कुठलं बी?

दिवसभर मी आतल्या आत शब्द जुळवत होते. एकेक काय धारदार होता म्हणून सांगू! सगळे गेले. मी बाही सावरून टबापाशी गेले, तिथे ट्रेव्हर उभा. मी म्हटलं, "एक सांग. का? सगळी का?"

तर म्हणतो, "तू चिखलात बसतेस, मग तुला उठता येत नाही. हाक मारायची लाज वाटते तुला, म्हणून तशीच बसून राहतेस थंडीत. मी खिडकीतून बघतो ना. मी आलो की म्हणतेस, 'तण काढतेय.' म्हटलं, एकदा तरी तुला सगळी उभ्याने बघता येऊ देत."

आता सांगा! अशा माणसाचं काय करायचं? दिवसभर घासूनपुसून ठेवलेला राग, तो काय फुकट घालवायचा? ओरडले. चांगली पोटभर ओरडले, पॉलिनच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढी.

पण खरं सांगू? मजा नाही आली.