खसखशीचा सोमवार

...आणि वर म्हणे, ‘पहिल्यांदा आखातात जाणाऱ्या बायकांना चार उपयोगी सूचना सांगा’! अहो, मला विमानात पट्टासुद्धा बांधता येईना, शेजारणीनं बांधला, मी काय सूचना सांगणार? पण तुमच्यातल्या तिघीचौघींची तिकिटं आलीत, नवरे तिकडे तेलाच्या कंपन्यांमध्ये डोळे लावून बसलेत, तर सांगते हो... इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना, तो मंगळसूत्रासारखा जपायचा. कफील म्हणजे ज्याच्या भरवशावर आपल्याला त्या देशात राहू देतात तो मालक, त्याची मर्जी सांभाळायची. एकटीनं रस्त्यावर जायचं नाही. देव मनात न्यायचे, बॅगेत नाही. बाकी घाबरण्यासारखं काही नाही.

मी हे सगळं पाळलं बरं का! देव्हाऱ्यातल्या एकेका देवाला सांगून निघाले, ‘तुम्ही नाशकातच थांबा, तिथं उन्हाळा फार आहे.’ देवांचं जमलं हो. घात केला तो अनारशांनी!

त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण होता. म्हणजे जावयाला अनारशांचं वाण आलंच. पण जावई तिकडे धाहरानला! आईनं काय करावं? तेहतीस अनारसे देवापुढे ठेवले, त्यांच्या नावानं वाण दाखवलं आणि डबा माझ्या हातात दिला. “पद्मजा, हा प्रसाद आहे. एकही वाया जाता कामा नये, जावयाच्याच मुखी लागला पाहिजे.” मी म्हटलं, हो. लेकीनं आणखी काय म्हणायचं असतं?

आणि तुम्हाला सांगते, मी निघाले तो निज श्रावणातला पहिला सोमवार. माझा उपास. दिवे लागायच्या वेळी महादेवाची पूजा करून सोडायचा, तोवर पाण्याशिवाय काही नाही. शेजारच्या खुर्चीत आबिदाबाई, खेडच्या, यजमान खोबर गावात वेल्डर, तिकडे तीन वर्षं राहिलेल्या. त्यांचा रमजानचा रोजा! प्रवासात सूट असते म्हणे, पण त्या म्हणाल्या, “अगो बाय, सूट घेतली की मागाहून एकटीनं पुरा करावा लागतो.” मला अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. हवाईसुंदरी जेवणाचं ताट घेऊन आली, दोघींनी एकदम हात जोडले. ती बिचारी घाबरून मागेच सरकली.

मग गप्पा... मांडीवर डबा कसला? अनारशांचा. कुणाला? ह्यांना. वर पांढरं काय? खसखस.

आबिदाबाईंचा चेहरा उतरला. “खसखस? अगो बाय माझे! अफूच्या बोंडाचं बी ते! तिकडे चालत नाही! सापडली तर आधी तुला धरतील, मग तुझ्या नवऱ्याला, मग कंपनी म्हणेल खलास!”

खलास म्हणजे काय ते मला कुणी सांगावं लागलं नाही. ह्यांची नोकरी, इकामा, माझा अजून न मांडलेला संसार... सगळं त्या बारीक बारीक दाण्यांवर उभं! डब्याचं झाकण गच्च दाबून धरलं. म्हटलं, बाकी घाबरण्यासारखं... नाही हो, त्या वेळी नाही म्हटलं. त्या वेळी नुसतंच ‘शंभो शंभो’!

आता खसखस नाहीशी कशी करायची? खाऊन टाकायची. पण कुणी? माझा सोमवार, त्यांचा रोजा! संडासात टाकावी, तर प्रसाद! खुर्चीच्या हातात सिगरेटच्या राखेची डबी असते, तिच्यात टाकावी, तर शिव शिव! शेवटी अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक अनारसा मांडीवर घेऊन खरवडायला बसले. तुम्ही कधी अनारशाच्या जाळीतून खसखस काढलीय? काढू नका! ती एका भोकात लपते आणि दुसऱ्यातून डोकावते. हवाईसुंदरी आली, “मॅडम, व्हॉट आर यू डूइंग?” आबिदाबाई म्हणाल्या, “सफाई!” आणि पुन्हा खरवडायला लागल्या. त्याही आकडा घेऊन बसल्या होत्या हो! सगळी खसखस माझ्या रुमालात. रुमालाची पुरचुंडी बांधली, आणि विमान खाली यायला लागल्यावर पट्ट्याची अशी धांदल उडाली की पुरचुंडी सवयीनं खोचली कनवटीला. आणि विसरले.

दार उघडलं. उन्हाळा म्हणू नका, भट्टीचं तोंडच! पुढे कस्टमचा लांबलचक ओटा. तिथं तुमची बॅग उघडत नाहीत हो, उपडी करतात! माझे परकर, लोणच्याची बरणी, मेतकूट... मेतकुटात तर तो अधिकारी बोट बुडवून हुंगून बघतोय आणि शिंकतोय! मग डबा. “एश हाधा?” म्हणजे हे काय? मी म्हटलं, “अनारसे.” त्याला काय कळणार? त्यातून ते दिसत कसे होते... सगळीकडे ओरखडे, मांजरानं भांडण केल्यासारखे! त्यानं एक मोडला. हुंगला. दिव्याकडे धरून जाळीतून माझ्याकडे पाहिलं. आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या कमरेला काहीतरी रुतलं.

पुरचुंडी!

डोळ्यांपुढे हे... त्यांच्या हातात बेड्या, आणि मी आईला काय तोंड दाखवू? अधिकारी तर अनारसा माझ्यापुढे धरून उभा. तोंडाकडे बोट... तू खा! त्याचा रोजा, तो कसा चाखणार? खाल्ला तर सुटले, पण सोमवार मोडला. आणि सोमवार कुणासाठी? ह्यांच्यासाठीच! मी मान हलवली, नाही. त्याच्या भुवया वर. पुन्हा पुढे केला. मी पुन्हा नाही. डोळ्यांतून धारा.

मागच्या रांगेतून आबिदाबाई ओरडल्या, “सायमा! सायमा!” म्हणजे उपास धरलेली बाई! आणि मोडक्यातोडक्या अरबीत हातवारे... हिचा उपास, हिचा देव वेगळा, पण सूर्य तोच, तो बुडेपर्यंत ही पाणीसुद्धा पीत नाही! पाणी मी पीत होते हो, पण त्या वेळी कोण दुरुस्त करणार?

तो माणूस थांबला. अनारसा खाली ठेवला, अगदी हळू. माझे सुकलेले ओठ पाहिले, स्वतःचे पुसले. डब्याचं झाकण स्वतः लावलं, खिशातून मूठभर खजूर काढून वर ठेवला, सूर्य बुडाल्याची खूण केली आणि बॅगेवर खडूची फुली मारून म्हणाला, “यल्ला!” म्हणजे चला! मी त्याला वाकून नमस्कारच करणार होते, पण वाकले असते तर पुरचुंडी पडली असती.

बाहेर हे उभे. वाळले होते हो! घरी गेल्यावर दिवेलागणीला खिडकीखालच्या वाळूची पिंड केली... वाळूला तिथं तोटा नाही... आणि त्या परक्या माणसाच्या खजुरावर सोमवार सोडला. मग ह्यांच्यापुढे डबा ठेवला. ह्यांनी एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

“अगं, खसखस कुठाय? सासूबाई विसरल्या वाटतं!”

मी कनवटीची पुरचुंडी काढून पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. हे पांढरेफटक! उठून दाराला कडी घातली. “टाक ती!” प्रसाद कसा टाकू? “मग वाळूत पूर!” आणि उगवली तर? कंपनीच्या क्वार्टरपुढे अफूचं शेत? हे खालीच बसले. शेवटी म्हणाले, “आण इकडे.” आणि दाराकडे बघत बघत, पाण्याच्या घोटाबरोबर, चमच्याचमच्यानं सगळी खसखस खाऊन टाकली. रुमाल मी झटकून, धुऊन, पुन्हा धुऊन वाळत घातला. म्हटलं, सुटलो. बाकी घाबरण्यासारखं काही नाही!

तर हे तोंड पुसत म्हणतात कसे, “नुसती खसखस कोरडी लागते गं... अनारशाला लावलेली असती, तर काय मजा आली असती!”

बायांनो, कस्टमवाल्यापुढे महादेव धावून आला... जावयापुढे त्याचंही काही चालत नाही.