उशी तीच हो!

...नाही, पण मला एक सांगा, एकाच यंत्रातून निघालेल्या, एकाच कापसाच्या, एकाच मापाच्या दोन उशा, एकीला पांढरा अभ्रा, दुसरीला निळा, आणि मी बिचारा दारोदार हिंडून विचारणार काय, तर रंग कुठला आवडला? बस्स, एवढंच! उशांच्या कारखान्यात लोकांच्या गरजा शोधायची नोकरी आहे माझी. पण रंगाबद्दल कोणी बोलेल तर शपथ! पहिल्याच घरी एक निवृत्त मास्तर. निळीवर डोकं टेकलं आणि विव्हळले, ‘अहो, ही उशी आहे की उंबरठा?’ म्हटलं, मास्तर, उशी तीच हो! तर म्हणतात, ‘मला शिकवू नका, शिकवण्यात जन्म गेलाय माझा!’ शेजारच्या वहिनींना निळीवर घाम फुटतो, त्यांच्या नवऱ्याला निळीत काहीतरी टोचतं... आता काय टोचतं? रंग टोचतो?

साहेबांना सांगायला गेलो, तर साहेब बुटांसकट मीटिंगच्या टेबलावर आडवे! एकदा पांढरी, एकदा निळी, सगळं ऑफिस श्वास रोखून उभं, आणि साहेब डोळे मिटून म्हणतात, ‘निळी कडक आहे. लोकांची गरज ओळखा! सोमवारपर्यंत मऊ करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा.’ अहो, मऊ काय, कपाळ करू? उशी तीच हो!

घरी आलो आणि बायकोसमोर दोन्ही उशा टराटरा उसवल्या. घरभर कापूस, मुलगी शिंकून शिंकून बेजार! म्हटलं, बघ, आहे काही फरक? तिने दोन्ही मुठींत कापूस घेऊन दाबून बघितला. ‘नाही हो, अगदी सारखाच आहे.’ मला गहिवरून आलं! जगात एक तरी माणूस... ‘पण निळी कडकच आहे.’ अगं, आत्ताच तर म्हणालीस! ‘ते बघून म्हणाले. झोपताना डोळे मिटलेले असतात ना!’ बोला आता!

शेवटी, तुम्हाला सांगतो, पोटासाठी माणूस काय करत नाही? निळीच्या कोपऱ्यावर एक चिठ्ठी शिवली, ‘आता आणखी मऊ’. आत बोटसुद्धा लावलं नाही! मास्तर माझ्या प्रश्नाचं उत्तर देता देता घोरायला लागले. साहेबांनी पाठ थोपटली, ‘बघा, मनावर घेतलं की जमतं!’ नोकरी वाचली, पण खरं सांगू, मला रडू येत होतं.

घरी दोन नव्या निळ्या आणल्या, एक चिठ्ठीवाली, एक साधी. चिठ्ठीवाली बायकोने पटकावली, ‘ही माझी!’ मला राहिली बिनचिठ्ठीची निळी. म्हटलं राहू दे, आपल्याला काय, आपण आतला कापूस बघितलेला माणूस!... आता मघापासून तुम्ही मनात म्हणत असाल, हा गृहस्थ आमच्याकडे न बघता त्या खिडकीशी का बोलतोय? अहो, मान वळत नाहीये! परवापासून! उशी तीच हो, मला ठाऊक आहे... पण तुम्हीच जरा सगळे उठून खिडकीकडे येऊन बसता का?