मालविनाचं घर समजून

हॅलो?… हॅलो, एल्स्पा? अगं मी, सुन्नुवा… हो, तुझी वहिनी, दुसरी कोण? तोर्सहावनहून बोलतेय, लेकीच्या स्वयंपाकघरातून… वारा आहे का तिकडे? नुसती सूं सूं ऐकू येतेय… हं, आता बरं आहे.

पोचलो, काल संध्याकाळीच पोचलो… बोट लागली, पण मला नाही, तुझ्या भावाला. जन्मभर मासेमारी केली आणि टपालबोटीत ओकला. कोणाला सांगायचं नाही म्हणालाय, म्हणून फक्त तुला सांगतेय.

ठरलं का?… सांगते ना… अगं हो, मार्यूनला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. घर बघायला अजून दोघंतिघं येणार आहेत, ती म्हातारी घरमालकीण किती थांबेल?… नाही, नाही. बेट सोडून इथे राहायला यायचं की नाही, हे तुला विचारल्याशिवाय कसं ठरवू? त्यासाठीच तर फोन केला. पण मला क्रमाने सांगू दे, मधूनच शेवटाकडे ओढू नकोस.

बोगदा?… आलो ना, पुढे बसने, बोगद्यातून. समुद्राच्या खाली चक्क चौक आहे, एल्स्पा. गोल चौक, मधे खडकाचा खांब, त्यावर निळे-हिरवे दिवे. तुझ्या भावाने आत शिरताना टोपी काढली ती बाहेर आल्यावरच घातली. मी विचारलं, काय रे, देवळात आलास का? तर म्हणे, ज्या माशांना जन्मभर वरून त्रास दिला ते आता माझ्या डोक्यावरून जातायत, जरा अदब नको?

मी?… मी काय, डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते. संपलं तरी बोगदा संपेना. मग दुसरं घेतलं.

गाव?… मोठं आहे गं. फरो बेटांची राजधानी, म्हणून असेलही. मी याआधी आले होते ती मार्यून झाली तेव्हा, आणि तेही स्ट्रेचरवर आडवी. तोर्सहावन म्हणजे दवाखान्याचं छत एवढंच मला माहीत… तो? त्याला बंदर ठाऊक, बंदराच्या वर कधी चढलाच नव्हता. सकाळी रस्त्यावर निघालो तर भेटेल त्याला नमस्कार करायला लागला. आपल्यासारखंच, थांबून, हवापाणी विचारून. दुकानांच्या गल्लीत अर्ध्यावर पोचेपर्यंत घसा बसला. म्हणे, सुन्नुवा, उरलेली गल्ली तू घे.

देतात गं, उत्तर देतात लोक. माणसं चांगली आहेत. एक बाई तर थांबून म्हणाली, बंदरावर मोठं जहाज लागलंय ना, तुम्ही त्याच्यावरचे पाहुणे का? मी म्हटलं, नाही, आम्ही फुग्लोय बेटावरचे. तर ती म्हणाली, अरे वा, म्हणजे त्याहून लांबचे.

हसू नकोस, अजून खरी गोष्ट पुढेच आहे. घर बघायला गेलो ना आम्ही… हो, तेच, मार्यूनने शोधलंय ते. मालविना नावाच्या बाईचं. तळमजल्याच्या खोल्या भाड्याने द्यायच्यात तिला… मार्यूनला कामावर जायचं होतं. ती म्हणाली, बंदराजवळच्या जुन्या वस्तीत जा. लाकडी घर आहे, छपरावर गवत आहे, दार उघडंच असतं. मालविनाला ऐकू येत नाही, तेव्हा सरळ आत जाऊन बसा.

आता मला सांग, ही काय खूण झाली? तिथली सगळी घरं लाकडी आणि सगळ्यांच्या डोक्यावर गवत… रंग? रंग सांगितला होता, काळा. पण तुझ्या भावाचं म्हणणं पडलं की काळ्या घरांत मोरीसुद्धा धड नसते, बाईने मार्यूनला चुकीचं सांगितलं असणार. पार टोकाला, खडकावर, सुंदर लाल घरं होती. हा निघाला तिकडे. मी मागे.

दार उघडं. आपण आत… हो मग, वाजवायचं कशाला? आपल्याकडे दार कोण वाजवतं, परका माणूस. जोडे काढले, ओळीत लावले, घरात देवाची शांती असो म्हटलं. कोणी नाही. आत स्वयंपाकघर दिसलं तर सिंकमध्ये कपांचा ढीग. वाटलं, बिचारी मालविना आजारी असेल. बाह्या वर केल्या आणि कप धुवायला घेतले.

तो?… तो घर तपासत होता. खिडक्या उघडून बघ, भिंतीवर टकटक कर. माडीवर जाऊन आला आणि म्हणाला, म्हातारीकडे एवढं लांब टेबल आणि इतक्या खुर्च्या कशाला गं? मी म्हटलं, प्रार्थनेला बायका जमत असतील. मला तर बरंच वाटलं, घरमालकीण भाविक मिळाली म्हणून.

ऐक तर. एक मुलगी आली, हातात कागद. आम्हाला बघून हसली, नमस्कार म्हणाली, कपाटातून केक काढून दिला आणि गेली. नंतर कळलं, तिला वाटलं आम्ही तिथल्या कोणाचे तरी आईबाप. आम्हाला वाटलं मालविनाची नात. गोड होती हं, केकही बरा होता, रुबार्बचा. साखर जास्त.

मग एक पुरुष आला. चाळिशीतला, अंगात स्वेटर, पायात मोजे. मला कप पुसताना बघून जरा थबकला. मग म्हणाला, तुम्ही कोणाच्या?… तेच तर, आपल्यासारखाच प्रश्न. म्हणून मला शंकाच आली नाही. तुझ्या भावाने बापाचं नाव सांगितलं, घराचं नाव सांगितलं. तो म्हणाला, माझी आई तुमच्या शेजारच्या स्वीनोय बेटाची. झालं, बसले दोघे. कोणाची आत्या कोणाच्या काकाला दिली होती, कोणाची बोट कुठल्या खडकावर गेली… अगं ती लांब नाकाची बेआता, तिचा भाचा निघाला हा… हो, नाक आलंय थोडं.

आणि मग तुझा भाऊ म्हणतो, घर चांगलं आहे, पण छपराची आबाळ केलीत. गवत इतकं पातळ की एक मेंढी दोन जेवणांत संपवेल. खिडकीतून वारा येतो. आणि माझ्या बायकोने आल्याआल्या कप धुतलेत, तेव्हा भाड्याचं जरा बघून सांगा.

कोण होता?… मंत्री. मासेमारी खात्याचा… अगं खरंच, देवाशपथ म्हणवत नाही, पण खरं आहे. ते सरकारचं कचेरीघर होतं… मी कशाला ओरडू? मी हातातला कप अजून कोरडा करत राहिले.

तो शांतच होता. म्हणाला, घर माझं नाही, साऱ्या लोकांचं आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी इथे आहे, मग दुसरा कोणी येईल. तर तुझा भाऊ काय म्हणाला असेल?… म्हणाला, म्हणजे तूही भाडेकरूच की.

हसून घे, हसून घे… हसलीस? आता मुद्दा ऐक. तिथेच मला कळला तो. म्हणजे तो मंत्री आहे हे कळायच्या आधी, भाड्याचं बोलताना. त्या माणसाने सहज विचारलं, बेट का सोडताय? आणि तुझा भाऊ… हो, तोच, जो गेला आख्खा हिवाळा मला सांगतोय की मला इथून चौघांनी उचलूनच न्यावं लागेल… तो त्या परक्या माणसाला म्हणाला, गुडघे गेले. बोटीवरून धक्क्यावर पाय टाकताना भीती वाटते. मला यायचंय. पण घरात कोणाला सांगू? बहीण एकटी पडेल, तिचं तोंड बघवणार नाही.

माझ्याकडे पाठ होती त्याची. मी आहे हे विसरलाच होता… नाही, नंतरही बोलला नाही. आता हानुसबरोबर, मार्यूनच्या नवऱ्याबरोबर, बंदरावर गेलाय बोटी बघायला. जाताना जावयाला मोठ्याने सांगत होता, मला हे शहर मुळीच नको.

एल्स्पा?… हॅलो?… आहेस ना?… रडतेस का? हे बघ, तू नको म्हटलंस तर विषय संपला. मी आत्ता मार्यूनला सांगते की आत्या नको म्हणाली. तुला सोडून जाणार नाही आम्ही. तू फक्त एकदा नको म्हण…

काय?

परत बोल, वारा मधे आला… खोल्या किती आहेत? खोल्या… तीन. शेवटी दुपारी बघितलं मालविनाचं घर, काळंच निघालं. तीन खोल्या… चर्च जवळ आहे, हो… गरम पाणी आहे… टबही आहे. तुला काय करायचंय टबाचं?

अगं पण तू तर… मागच्याच शनिवारी धक्क्यावर सर्वांदेखत म्हणालीस, मी हे बेट सोडणार नाही… त्याच्यासाठी? त्याला वाईट वाटू नये म्हणून?… म्हणजे तो तुझ्यासाठी हट्ट धरून बसला आणि तू त्याच्यासाठी. छान आहे. एका आईची लेकरं खरी.

मेंढ्या दिल्यासुद्धा?… कोणाला? वरच्या घरच्या हान्सला? कधी?… आणि मला आता सांगतेस… नाही, रागावले नाही. खरंच नाही… गप्प कुठे आहे, बोलतेय की.

बरं झालं. सगळ्यांचं जमलं… हो, हो. तुला चर्चच्या बाजूची खोली, आम्हाला… हं.

माझं? माझं काय?

माझं काय विचारतेस एल्स्पा… मला कोणी विचारलं नाही ना अजून. मार्यूनने विचारलं ते, आईला ओटा उंच होईल का. मंत्र्याने विचारलं, कॉफीत दूध घालू का… तू पहिलीच.

खरं सांगू?… मला वाटलं होतं तू नको म्हणशील. मी तुझ्यावर भिस्त ठेवून बसले होते. एवढं लांबण लावून सांगत होते ते त्यासाठीच. वाटलं, तू हट्टी, तू ओरडशील, आणि मला काही बोलावं लागणार नाही.

मला नको गं यायला… शहर वाईट नाही. शहराचं काही नाही. पण शनिवारी चर्च झाडायला जाते तेव्हा आत कोणी नसतं. पाद्री पाच-सहा आठवड्यांनी येतो, मधल्या रविवारी आपण पाच माणसं आणि पुस्तकातून वाचलेलं प्रवचन. ती झाडू मारायची वेळ… तेवढीच माझी आहे. इथल्या चर्चला माणूस ठेवलाय झाडायला, पगारी. मी सकाळी विचारून आले.

हं… हं… काय म्हणालीस?

तो आणि तू इथे, आणि मी तिथे?… चेष्टा करू नकोस… एकटी कुठे, वर हान्स आहे, त्याची बायको आहे… हो, उन्हाळ्यात तुम्ही याल. सणाला मी येईन, बोगद्यातून दोन स्तोत्रं म्हणत… लोक? लोक काय म्हणतील, तुम्मसने म्हातारपणी बायको सोडली. का बायकोने त्याला सोडलं. दोन्ही म्हणतील, त्यांनाही विषय हवा… घोरणं तू ऐक आता, मी पुष्कळ ऐकलं. आणि हेरिंग मासा तळलेला लागतो त्याला, उकडलेला नाही, उकडून दिलास तर तोंडाने काही बोलणार नाही पण दिवसभर उसासे टाकेल.

एल्स्पा, तू हे थट्टेत म्हणालीस ना?… मग मी का हसत नाहीये?

सबंध पलंग… सकाळी उठावं, आपलं वाचन करावं, मग कोंबड्या… कोणी मधेच येऊन विचारणार नाही, सुन्नुवा, माझा चष्मा कुठे… नाही गं, आवडतो तो मला. इतका आवडतो की धक्क्यावर त्याचा पाय लटपटताना बघवत नाही. त्याने यावंच इथे. पण माझे गुडघे चांगले आहेत.

थांब… दार उघडलं. आला… हो, तोच, जोडे काढतोय… नाही, त्याला फोन देत नाही. तू सांगितलंस तर तो तुझ्याशी भांडेल आणि माझ्याकडे बघणारच नाही… नको, मार्यूनही नको. त्याने मनातलं त्या मंत्र्याला सांगितलं, मी तुला सांगितलं, आता एकमेकांना सांगायला हवं कोणीतरी.

ठेव तू… नाही, आधी मी ठेवते. तुम्मस, इकडे ये. बस जरा. नाही, कॉफी नंतर.