दोन दारांमधली खोली

— नाही नाही साहेब, घाबरू नका, दार बिघडलेलं नाही. उलट दार फार उत्तम चाललंय, म्हणून तर उघडत नाहीये. बसा ना तुम्ही. खुर्ची? खुर्ची कुठली इथे, एवढीशी खोली — थांबा, त्या पत्र्याच्या मागे एक स्टूल आहे, ते घ्या. ते असंच असतं तिथे. मापं घ्यायला लागतं. कसली मापं ते जाऊ द्या, बसा.

तर ही खोली कशाला, असं तुम्ही तपासणीला आल्या आल्या विचारत होतात. सोपं आहे. ह्या दारापलीकडे रसायन विभाग, म्हणजे औषध बनवून बघणारे. त्या दारापलीकडे जैव विभाग, म्हणजे ते औषध जिवंत पेशींवर घालून बघणारे. इकडची वाफ तिकडे गेली की तिकडच्या पेशी मेल्या, तिकडचे जंतू इकडे आले की इकडची माणसं बोंबलली. म्हणून मधे ही खोली, आणि नियम असा की एक दार उघडं असलं की दुसरं उघडत नाही. आता तुम्ही म्हणाल, दोन्हीकडून एकदम बटण दाबलं तर? — तर दोन्ही बंद. अगदी बरोबर. आत्ता तेच चाललंय.

त्या काचेतून दिसतात ना, कपाळाला आठी, हाताची घडी — नाही, एक हात बटणावर आहे, बरोबर — त्या रसायन विभागाच्या प्रमुख. माझी थोरली बहीण. सख्खी. आणि ह्या काचेतून दिसते, बटणावर अंगठा रोवून उभी आहे, ती जैव विभागाची प्रमुख. ती माझी बायको. हसू नका हो! दोघी आपापल्या हुशारीवर इथे आल्या. वशिल्यानं आलो तो मी — हे लिहू नका. आर्किटेक्ट मी चांगला आहे, कुणालाही विचारा. ह्या दोघींना सोडून.

मालकांचं स्वप्न होतं साहेब, सगळे विभाग एका छताखाली, सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं, तरच नवं औषध निघतं म्हणे. एकात्मिक प्रयोगशाळा. मला म्हणाले, तुमच्या घरातच दोन्ही विभाग आहेत, तुमच्याइतकं हे कुणाला कळणार? मी ‘हो’ म्हणून बसलो. घरातली परिस्थिती अशी की ह्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. का? दह्यावरून. खरं सांगतो. जुन्या जागेत एकच फ्रीज होता, ताईनं हिच्या पेशींच्या शेजारी डब्यातलं दही ठेवलं. सोमवारी पेशी गेलेल्या. ही म्हणाली, दह्यातले जंतू शिरले. ताई म्हणाली, मग माझं दही कशानं नासलं ते आधी सांग. झालं! तेव्हापासून ‘तुझ्या ताईला सांग’ आणि ‘तुझ्या बायकोला सांग’. एकाच टेबलावर जेवतो आम्ही तिघं, आणि मीठ माझ्या हातून फिरतं.

मग नकाशा काढायला बसलो. ताई म्हणाली, तिच्या लोकांचा जिना वेगळा. ही म्हणाली, मग आमचाही वेगळा. चहाच्या खोल्या दोन. मधल्या बोळाला वळण, का, तर समोरासमोर तोंडं दिसू नयेत. मालकांनी विचारलंच, एकात्मिक म्हणता मग दोन जिने कशाला? म्हटलं, आगीसाठी. खोटं नव्हतं ते, आग होतीच. आणि ही खोली आली तेव्हा तर कहर. बटण आमच्याच बाजूला हवं! दोघींचंही तेच. बरं, म्हटलं, दोन्हीकडे देतो, आणि एक आत देतो, आत अडकलेल्या माणसासाठी. तर दोघी — आयुष्यात पहिल्यांदा एकमत — आत बटण नको! आतला माणूस म्हणजे नक्की तिकडचा.

आत्ता का दाबून धरलंय? अहो, तुमच्यासाठी! तुम्ही आधी कुणाच्या विभागात पाऊल टाकता, हा प्रश्न आहे. एकीचा अंगठा सुटला की दुसरीचं दार उघडणार. काळजी नको, कुणाचा तरी फोन वाजतो, मग सुटतो अंगठा. नेहमी तसंच होतं. — नेहमी म्हणजे... आठवड्यातून एखाद-दोनदा मी अडकतो इथे. कामच तसं आहे.

तोंडं हलताहेत, हो. ओरडताहेत बहुतेक. ऐकू येत नाही, भिंती मी जाड घेतल्या, दारं दुहेरी. मोबाइलची रेंज पण येत नाही. छान वाटतं की नाही? मला तर — हां, तो थर्मास माझाच. घ्या ना चहा. शब्दकोडंही आहे, स्टुलाखाली. ती उशी? ती... आवाज शोषून घेते.

हे काय, काय लिहिताय? बघू. ‘आतून बाहेर पडण्याची सोय नाही. अमान्य.’ अहो साहेब! असं नका करू. अजून एक पेशी आत आलेली नाही, एक बाटली उघडलेली नाही, सगळं तुमच्या सहीसाठी अडलंय. तुम्ही अमान्य म्हणालात की मालक दुसरा आर्किटेक्ट आणणार, आणि मी घरी. घरी, साहेब! तुम्ही आमचं घर बघितलेलं नाही. तिथे एकच जिना आहे.

खोडा ते. खोडा म्हणतो ना! सोय आहे. आहे हो. ते ‘हात स्वच्छ धुवा’ लिहिलेलं चित्र आहे ना तुमच्या डोक्यावर, ते जरा उचला. दिसली लाल मूठ? ओढली की दोन्ही दारं एकदम उघडतात. पहिल्या दिवसापासून आहे, मी काय वेडा आहे माणसं कोंडून मारायला? फक्त... कुणाला सांगितलं नाही. आता तुम्ही विचारणार, मग तुम्ही आठवड्याला अडकता कसे? नका विचारू. मला दोघी हव्यात साहेब. दोघी जीव टाकतात माझ्यावर, म्हणून तर दोघी ओढतात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही एवढीच कोरडी जागा, ती मी स्वतःच बांधून घेतली.

ओढून दाखवल्याशिवाय मान्य करणार नाही? त्या दोघी बघताहेत हो काचेतून. उद्यापासून मी अडकलोय म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? ... बरं. सही करणार ना पण? शब्द द्या. ओढतो.

— ताई. अगं, मी सांगणारच होतो. नाही गं, तू ऐक तरी, हे मापं घ्यायचं — साहेब! साहेब, ऐकलंत? ताई हिच्याशी बोलली! थेट! ‘तुला माहीत होतं का गं?’ म्हणाली. आणि ही, ही काय म्हणाली? ‘नाही हो ताई, मला वाटायचं खरंच अडकतात.’ चक्क ‘ताई’ म्हणाली ही तिला! झाली की प्रयोगशाळा एकात्मिक, मालकांना कळवा कुणीतरी! अगं, पण तुम्ही दोघी एकदम आत कशाला येताय, एवढीशी खोली — थर्मास? थर्मास साहेबांचा आहे. नाही का हो साहेब?

तुम्ही निघा साहेब. आधी इकडे जा, आधी तिकडे जा, आता कुणाला काही पडलेलं नाही. सही तेवढी विसरू नका. आणि दारं उघडीच ठेवा हो — हो ताई. हो गं. गप्प बसतो.