साठ फोटो हैदराबादला

"हॅलो? हां, बोल तेजू… पोचलीस का हॉलवर? … थांब, थांब, एकेक सांग. काय उघडत नाही? … पेन ड्राइव्ह."

कोंडाजींनी चहाचा कप खाली ठेवला. मनमाडला रेल्वेत एकतीस वर्षं सिग्नलची दुरुस्ती करून ते आता नाशिकरोडला निवांत राहत होते. फोनवर त्यांची मुलगी तेजस्विनी होती. बँकेतली नोकरी सोडून तीन वर्षं ती पिंपळगावच्या बागांमधून द्राक्षाच्या रोगट पानांचे फोटो काढत हिंडत होती. फोटोवरून रोग ओळखणारं ॲप तिला करायचं होतं. नोकरी सोडली तेव्हा बापलेकीत चांगलंच वाजलं होतं, आणि नंतर तो विषय घरात कुणी काढला नव्हता. आज अकरा वाजता हैदराबादला एका संस्थेपुढे तिला आपलं काम मांडायचं होतं. पसंत पडलं, तर संस्था दोन वर्षं पाठीशी राहणार होती. आत्ता दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"फोटो घरच्या कॉम्प्युटरवर आहेत ना? मग लॅपटॉपवर नेटवरून ओढून घे, बाहेरगावाहून नेहमी घेतेस तसे… येत नाहीत? तो म्हणतो काय? शब्द न् शब्द वाच… 'उत्तर मिळालं नाही.' बरं. मी मेल करू का? … हो, एवढे जड नाही जायचे. व्हॉट्सॲप? … पुसट होतात, खरंय. किती फोटो हवेत? … साठ. अगं ऐक ना, रडू नकोस. पाऊण तासाच्या वर वेळ आहे. गाडी सिग्नलला उभी असायची तेव्हा आम्हाला याच्या निम्मा मिळायचा."

बोलत बोलत ते तिच्या खोलीत आले.

"हां, कॉम्प्युटर चालू आहे. झोपला होता, माऊस हलवला, उठला… वायर? घट्ट आहे. नेटही चालतंय. म्हणजे दोन्ही टोकं जिवंत आहेत, तुटलंय ते मधे. शेवटचं कधी चाललं होतं? … रविवारी. मग त्यानंतर काय बदललं ते बघू."

आणि त्यांना आठवलं.

"तेजू… बुधवारी केबलवाला नवा राउटर बसवून गेला. तुला सांगायचंच राहिलं… हो, चुकलं माझं. पुढचं बोल… पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर? थांब. अगं, तुझा चष्मा आण जरा इकडं."

हे शेवटचं स्वयंपाकघराकडे तोंड करून. त्यांची बायको साळूबाई चष्मा घेऊन आल्या आणि तिथंच खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या.

"उघडलं राउटरचं पान. आपला नेटवरचा पत्ता बदललाय, तो तुला मेसेज करतो… आलं लक्षात. बाहेरून आलेल्याला आत कुणाकडे पाठवायचं, हे नव्या डब्याला कुणी शिकवलंच नाही. सांग, भरतो… दरवाजा नंबर बावीस. कॉम्प्युटरचा नंबर, एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, सात. सेव्ह केलं. लाव आता."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काय? … 'कनेक्शन नाकारलं.' हे चांगलं झालं… अगं चांगलंच. मघाशी पलीकडे कुणी फोनच उचलत नव्हतं. आता उचलून नको म्हणतंय. म्हणजे लाइन पोचली. बुधवारी त्यानं सगळं बंद करून चालू केलं, तेव्हा फायली पाठवणारा प्रोग्राम उठलाच नसेल… कुठं बघू? … हां, 'बंद' दिसतंय. चालू केला. लाव परत."

दहा अडतीस.

"पासवर्ड चुकीचा? … नाही, तू बरोबरच टाकतेयस. मी बदललाय."

साळूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कोंडाजींनी नजर पडद्यावरच ठेवली.

"परवा कॉम्प्युटरनंच नवा मागितला. लिहून घे. 'डावणीभुरी'. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मधे जागा नाही… मी कॉम्प्युटरवर कशाला बसतो म्हणजे? दुपारी फोटो बघतो तुझे. आता दोन्ही रोगांतला फरक कळतो मला. डावणीचा वरून तेलकट डाग आणि पान उलटलं की पांढरी बुरशी. भुरी म्हणजे वरूनच राख भुरभुरल्यासारखी… हॅलो? तेजू? आहेस ना? … मग टाक पासवर्ड, वेळ चाललाय."

मग बराच वेळ नुसते आकडे.

"सात… हं… एकोणीस… हळू येऊ देत, येतायत ना… एकेचाळीस… झाले? साठच्या साठ? उघडून बघ एखादा… मग जा. बोलावतायत तुला, जा."

दहा त्रेपन्न झाले होते. तेजस्विनी गडबडीत फोन बंद करायला विसरली. कोंडाजींना दूरवर माइकची खरखर ऐकू आली, मग तिचा आवाज. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि साळूबाईंना खुर्ची ओढून दिली. दोघं वीस मिनिटं हलली नाहीत. शेवटी टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या, आणि पलीकडे तेजस्विनीनं फोन उचलला.

"हॅलो? … हो, आम्हीच… तू बंदच केला नव्हतास… ऐकलं सगळं. काय म्हणाले ते? … कागद नंतर येतील, पण हो म्हणाले? दोन्ही वर्षं? … बरं. छान बोललीस… आईला देतो, पण आधी माझं ऐक. पुढच्या आठवड्यात पिंपळगावला जाशील तेव्हा मलाही ने… मी काय करणार? पान धरीन. फोटो काढताना वाऱ्यानं हलतं ना ते."

त्यांनी फोन साळूबाईंच्या हातात दिला. मग त्याही बराच वेळ बोलल्या, आणि बोलणं संपल्यावर फोन त्यांनीच ठेवला.