डावीकडे बघायचं नाही

—नको नको, तुम्ही खा. बिस्किटाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, बंद पुड्यातलं आहे, उत्तमच असणार, पण आत्ता तुम्ही त्याच हाताने या कुत्र्याच्या कानामागे खाजवत होतात ना— नाही, खाजवा की, थांबलात कशाला, मुक्या जनावराला तेवढंच बरं वाटतं. बाकावर बसलेला माणूस मोकळा. बाकावरच्या माणसाला मी आजवर कधी बोललो नाही. माझा अंमल फक्त भटारखान्यात. आता तुम्ही बाक ओला म्हणून ते पांढरं काहीतरी घडी करून बुडाखाली घेतलंत— हुशार आहात, मी तसाच बसलो, माझी पँट भिजली. आणि तुम्हाला मराठीचा एक शब्द कळत नाही, हे तर फारच बरं. मान मात्र वेळेवर हलवता. आमच्या घरच्यांना सगळं कळतं आणि मान कुणी हलवत नाही.

ती काचेपलीकडे दिव्याखाली बसलीयत ना, ती आमची माणसं. पाठमोरा आहे तो आमचा चिरंजीव, त्याच्याच पैशाने ही परदेशाची सहल. शेजारी सूनबाई. काचेला नाक लावून बसलीय ती नात, आम्ही तिला चिमणी म्हणतो, दिवसभर चिवचिव चालू असते म्हणून. आणि ती पदर खांद्यावर घट्ट ओढून बसलीय ती आमची ही. ती एक खुर्ची रिकामी दिसते? ती माझी. मग मी बाहेर का— शिक्षा? छे हो, शिक्षा कसली, व्यवस्था आहे ती. हिने ठरवलेली. म्हणजे असं, की पानं वाढून झाली की ही काचेवर टकटक करणार, मग मी उठणार, दारातून आत शिरणार, उजवीकडे वळणार आणि थेट त्या खुर्चीत. डावीकडे बघायचं नाही. डावीकडे भटारखाना आहे. माझी छोटी बॅटरी हिने पर्समध्ये टाकली, पांढरा रुमालसुद्धा काढून घेतला— म्हणाली, शिंक आली तर बाही आहे. आता बाहीला शिंकायचं म्हणजे… पण नाही, मी काही बोललो नाही. उद्या परत जायचं आहे, आजचं हे शेवटचं जेवण, आणि खरं सांगायचं तर या सहलीतलं पहिलंच.

मी अन्न निरीक्षक. म्हणजे होतो. खानावळी, हॉटेलं, लग्नातल्या आचाऱ्यांचे मांडव, कुणाची चूल मला चुकलेली नाही. त्यात एक पद्धत असते. दर्शनी भाग बघायचाच नाही, टेबलावरची फुलं ठेवतात तीच मुळी आमची नजर अडकावी म्हणून. आपण सरळ आत. फ्रिजच्या दाराला रबरी पट्टी असते, तिच्या घडीत बोट घालून फिरवायचं. मग आचाऱ्याची नखं. मग त्याच्या खांद्यावरचं फडकं— त्यानेच टेबल पुसतो, त्यानेच घाम पुसतो, त्यानेच तुमचं ताट पुसतो. त्या फडक्याचा एकदा वास घेतला की हॉटेलची कुंडली हातात. लोक म्हणतात, नोकरी संपली की सवयही सुटते. कशी सुटेल? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मी तर फक्त निवृत्त झालोय. घरीसुद्धा ही कुकरचं झाकण उघडायला लागली की मी शेजारी उभा असतो. मदतीलाच. तिला वाटतं तपासायला. हल्ली ती मी फिरायला गेलो की उरकून घेते, आणि जेवूनही घेते. तिला भूक लवकर लागते.

तर पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो, त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात. ही मंडळी बसली, मी आपला सवयीने आत. कुणाला काही विचारायचं नसतं, विचारलं की संपलं. बॅटरी काढली, फ्रिजमागे मारली, रुमाल शेगडीच्या कडेवरून फिरवला, आणि म्हटलं, 'हं.' बस, एवढंच. मला त्यांची भाषा येत नाही, पण 'हं' सगळीकडे चालतं. मालक पांढराफटक पडला. त्याला वाटलं, मी इथलाच साहेब. मग काय विचारता— खिडकीजवळचं टेबल, धुतलेली चादर, आणि दोन वेटर आमच्या मागे हात बांधून उभे. चिरंजीव म्हणाला, बाबा, त्यांना सांगा तुम्ही कुणी नाही म्हणून. आता हे कसं सांगायचं? कुणी नाही असं हाताने करून दाखवता येतं का? आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी मला बघून घाबरलं होतं. पण ते इतके घाबरले की त्यांनी आणलेलं ताट माझ्या चेहऱ्याकडे बघून परत नेलं, दुसरं आणलं, माझी भुवई जरा हलली असेल— तेही परत नेलं. भुवई काय, माणसाची हलतेच. शेवटी आचारी एप्रन टेबलावर ठेवून रडत घरी गेला, आणि आम्ही खोलीवर येऊन केळी खाल्ली.

दुसऱ्या हॉटेलात तर आम्ही बसलोही होतो. त्यांना कोपऱ्यावरून निरोप आला असणार. आम्ही टेकतो न टेकतो तोच सगळे वेटर बादल्या घेऊन धावले आणि फरशी धुवायला लागले. फरशी धुवायची तर खुर्च्या टेबलावर ठेवायला हव्यात, आणि आम्हाला उठा म्हणायची तर छाती नाही— त्यांनी आम्हाला खुर्च्यांसकट उचलून टेबलावर ठेवलं. हो, ठेवलं. ही पदर सावरत टेबलावर, सूनबाई टेबलावर, चिमणीला तर वाटलं ही इथली पद्धतच आहे. खालून साबणाचं पाणी वाहतंय, वर आम्ही पाय आखडून बसलोय, आणि जेवण म्हणून काही येत नाही. पुन्हा केळी. त्यानंतर आम्ही ज्या गल्लीत शिरू त्या गल्लीत शटर खाली यायला लागली. माझी ही पांढरी टोपी दिसली की घर्र… घर्र… पुढचं घर्र. टोपी काढून बघितली, टक्कल त्यांना लांबूनच ओळखू यायला लागलं.

आणि मग— घ्या, तुम्ही कान कोरा निवांत, काडी आहे ना? मग झालं तर— मग इथला खरा निरीक्षक मला भेटायला आला. त्याला वाटलं, मी वरून आलेला मोठा साहेब. माझ्यासारखाच हो, पोट आत गेलेलं, कपाळावर आठ्या, आणि बोटांना साबणाचा वास. शब्द एक कळत नव्हता दोघांना. त्याने 'हं' केलं, मी 'हं' केलं. तुम्हाला सांगतो, इतका जिवाभावाचा माणूस मला आमच्या नात्यात भेटला नाही. दुपारभर आम्ही भटारखाने हिंडलो. तो रबरी पट्टीत बोट घालायचा, मी घालायचो, बोटाला बोट लावून बघायचो कुणाचं जास्त काळं. घरचे तेव्हा खोलीवर झोपले होते. म्हणजे त्यांनी मला तसं सांगितलं होतं, की आज आम्ही झोपतो, तुम्ही या फिरून. शेवटच्या हॉटेलात आम्ही मागच्या दाराने शिरलो. मी बोट फिरवलं. काळं झालं. मी ते वर केलं. त्याने एक सुस्कारा सोडला, खिशातून कागदी पट्टीचं भेंडोळं काढलं आणि हॉटेल बंद करायला घेतलं. आम्ही पुढच्या दालनात आलो, लोकांना उठवायला— तर खांबामागच्या टेबलावर माझं सगळं कुटुंब. पानं भरलेली. चिमणीचा चमचा तोंडात. मला न सांगता आले होते, लपून, जेवायला.

आता काय करणार? त्याने सगळ्यांना उठवलं, त्यात यांनाही उठवलं. तिथे मी 'ही माझी माणसं' असं म्हणायला हवं होतं का? हवं होतं. हाताने करून दाखवता आलं असतं का? आलं असतं. पण नियम म्हणजे नियम, आणि बोट अजून वरच होतं माझं. दाराला पट्टी लागली तेव्हा लक्षात आलं, हिच्या चपला टेबलाखालीच राहिल्या. मांडी घालून बसायची सवय ना तिला, खुर्चीवरसुद्धा. तशीच अनवाणी चालत आली खोलीपर्यंत. दारात किल्ली फिरवताना म्हणाली, 'माणसाला भरल्या पानावरून उठवू नये, एवढंही तुमच्या खात्यात शिकवलं नाही का हो कुणी?' मी म्हटलं, अगं, तुमच्या पोटासाठीच ना. त्यावर चिमणी— रडली नाही हो ती. रडली असती तर मी काहीतरी समजूत घातली असती. नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, 'आजोबा, तुम्ही आलात की जेवण संपतं.'

लहान आहे. तिला काय कळतं. मी माझ्या मुलाच्या लग्नात आचाऱ्याची नखं तपासली होती, आचारी झारा टाकून निघून गेला, सगळं वऱ्हाड उपाशी परतलं, पण कुणाचं पोट बिघडलं का? एकाचंही नाही. व्याही अजून ते बोलून दाखवतात. म्हणजे बोलत असतील, आमच्याशी बोलणं नाही त्यांचं. तसं जेवायचं बोलावणं म्हणून हल्ली कुणाचं येत नाही. लोकांना वेळ नसतो.

ते बघा, हसतायत. चिरंजीवाने काहीतरी सांगितलं आणि ही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत— तिला असं हसताना मी… माझ्यासमोर तोंडात घास असला की आधी माझ्याकडे बघतात सगळे. मी काही बोलतोय का ते बघतात आणि मग चावतात. मुलगा लहानपणापासून तसाच चावतो. मला वाटायचं, वळण आहे. आत्ता इथून, काचेतून दिसतंय, ते तसे चावत नाहीत. चिमणी तर पाव नुसताच गिळतेय. भीती वाटते हो मला. डावीकडच्या त्या दाराची नाही. आत गेलो, बसलो, आणि ते हसू थांबलं तर काय करू, याची.

आणा ते बिस्कीट. आणा म्हणतो. भूक लागलीय, केळ्यांवर किती दिवस काढायचे. …हो, बघितलं मी, याच हाताने कुत्रा, याच हाताने कान. असू दे. …खाल्लं. झालं का काही? काही नाही झालं. चांगलं आहे की. अजून एक द्या. त्यालाही द्या एक, बघतोय बिचारा.

निघालात? बसा की, एवढी काय घाई. बरं, बरं, मलाही बरं वाटलं बोलून. ते तुमचं पांढरं राहिलं बाकावर— हां, घेतलंत. झटका, झटका, खालून ओलं झालंय. गळ्यात कशाला अडकवताय, ते काय— मागे गाठ मारायची आहे का त्याला? खिसा आहे. खिशात झारा… अहो. अहो, तिकडून नाही, ते लोकांचं दार नाही, ते भटारखान्याचं—

हात धुणार का हा? आत नळ आहे. डाव्या हाताला असतो बहुतेक ठिकाणी. आता एक बोट वर केलं तरी पुरे. या दिव्याखाली उभं राहून नुसतं एक बोट. टोपी दिसेलच त्यांना.

तू बघितलंस ना रे? सगळं तुझ्यासमोरच झालं. तुझ्याच कानामागचा हात. काही बोलू नकोस. मीही बोलत नाही. चुलीवर आहे सगळं, उकळतंय, उकळीपुढे काय टिकतं. शिवाय मी खाल्लंय त्याच्या हातचं. दोनदा.

टकटक केलं हिने. …आलो गं. हो, ऐकू आलं. चेहरा? चेहरा असाच आहे माझा. बाकावरचा का? कुणी नव्हता, असाच एक बसला होता, निघून गेला. चिमणे, तू थांबू नकोस माझ्यासाठी, तू सुरू कर. गरम आहे तोवर खा. माझ्याकडे काय बघतेस, ताटाकडे बघ. मी हात धुऊन आलोच.

आणि तू कुठे मागे मागे? हॉटेलात कुत्रा म्हणजे… जा. हट. जा म्हटलं ना. …बरं, ये. गुपचूप ये, टेबलाखाली हिच्या पायाशी बस, आज चपला आहेत तिथे. आणि डावीकडे तेवढं बघू नकोस.