टाकीच्या झाकणाचं भोक

गड्याहो, जुनी गाडी बंद पडली का आधी घरच्या मोठ्यायले विचारा. माझी सेकंडहँड गाडी रोज कारध्याच्या पुलावर बंद पडायची. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, तरी तेच. पार्सलवाला मालक म्हणाला, "उद्या उशीर झाला तर येऊच नको."

दुसऱ्या दिवशीही पुलावरच बंद पडली. चिडून टाकीचं झाकण उघडलं, तर गाडी सुरू! झाकणातलं हवेचं भोक पुट्टीनं बुजवलेलं होतं. तोवर उशीर झाला, काम गेलं.

घरी बाबाले विचारलं, "हे कोणं केलं?"

"मीच. पेट्रोल उडून जाऊन राहिलं होतं ना."

"अन् हवेबिगर पेट्रोल खाली उतरंल कसं?"

बाबा चहा फुंकत म्हणाले, "म्हणजे गाडीत खराबी नोहतीच. तुलेच काही टिकवता येत नाही. ना कॉलेज, ना काम."